पुढे रस्ता बंद आहे

मंचरहून भीमाशंकरला जाणारा रस्ता घोडेगावातून जातो. पश्चिमेकडच्या डोंगरात काय चाललंय, ते त्यामुळे गावाला गाड्यांवरून कळतं. श्रावणी सोमवारी भाविकांच्या गाड्या, हिरड्याच्या दिवसांत पोत्यांनी भरलेले पिकअप, आश्रमशाळा उघडायच्या सुमारास ट्रंका सांभाळत एसटीत चढणारी पोरं. ३० जुलै २०१४ च्या बुधवारी मात्र वेगळ्याच गाड्या लागल्या. आधी रुग्णवाहिका आणि पोलिसांच्या जीपा, मग जेसीबी, मग तळेगावकडून आलेले एनडीआरएफचे ट्रक. डिंभ्याच्या पलीकडे माळीण गावावर डोंगर आला होता. ही बातमी बाहेर आणली ती एसटीच्या चालकाने. नेहमीच्या फेरीला तो तिथे पोचला, तर गावच जागेवर नव्हतं. १५१ माणसं गेली.

दुसऱ्या दिवशी त्याच अरुंद रस्त्याला मदतीची रांग लागली. पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे, कपड्यांची गाठोडी. त्यांच्या मागे नेत्यांचे ताफे आणि त्यांच्याही मागे नुसते बघे. आम्हीही चारचौघांनी एक टेम्पो भरला होता. तो अर्ध्या वाटेवर तीन तास उभा राहिला, ताडपत्री नीट न बांधल्याने निम्मा माल भिजला, आणि शेवटी एका हवालदाराने खिडकीशी येऊन विचारलं, ‘दादा, यातलं वर कुणी मागितलंय का?’ कुणीच मागितलं नव्हतं. वर हवे होते दिवे, डिझेल, हातमोजे आणि मोकळा रस्ता. मोकळा रस्ता आम्हीच अडवून धरला होता.

तेव्हापासून मला मदतीच्या बातम्या वाचताना एकच गोष्ट शोधायची सवय लागली आहे: माल किती निघाला हे नाही, शेवटच्या टप्प्यात रस्ता कुणाच्या हातात होता. माळीणमध्ये तो पावसाच्या आणि चिखलाच्या हातात होता. जगात बऱ्याच ठिकाणी तो बंदुकीच्या, नाक्याच्या किंवा शिक्क्याच्या हातात असतो. माळीणच्या सोळाच दिवस आधी, १४ जुलै २०१४ ला, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २१६५ क्रमांकाचा ठराव एकमताने मंजूर केला होता. सीरियाच्या सरकारची परवानगी न घेता तुर्कस्तान, जॉर्डन आणि इराकच्या सीमेवरच्या चार नाक्यांतून मदतीचे ट्रक आत सोडायचे, असा तो ठराव. पंधरा देशांनी हात वर केले तेव्हा कुठे ट्रकचं चाक हललं.

वाट आणि वाटेवरची सत्ता हा प्रश्न आमच्या मुलखाला नवा नाही. शेजारच्या जुन्नरचा नाणेघाट दोन हजार वर्षांपूर्वी कोकण आणि देश यांच्यामधला नाका होता. सातवाहनांची राणी नागनिका हिचा शिलालेख तिथल्या लेण्यात आहे, आणि घाटाच्या माथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा म्हणून दाखवतात. घाट ज्याच्या ताब्यात, माल त्याच्या मर्जीवर. पुढे मोगल आणि मराठ्यांच्या लढायांत फौजांना धान्य पुरवत ते बंजारे. हजारो बैलांचे तांडे घेऊन ते लढाईच्या मुलखातून जात. १८०३ च्या इंग्रज-मराठा युद्धात वेलस्लीची इंग्रजी फौज दख्खनमध्ये फिरली ती बरीचशी याच तांड्यांच्या धान्यावर. त्यांना सहसा कुणी लुटत नसे, कारण आज शत्रूला धान्य देणारा तांड्याचा नाईक उद्या आपल्यालाही देणार, हे दोन्ही छावण्यांना ठाऊक होतं. अर्थात तो व्यापार होता, दानधर्म नव्हे. तरी आज मदतसंस्था ज्याला तटस्थता म्हणतात, तिचं इतकं रोकडं उदाहरण दुसरं सापडणं कठीण.

दुसरं जुनं उदाहरण आहे दामाजीपंतांचं. मंगळवेढ्याची सरकारी कोठारं त्यांनी दुष्काळात लोकांसाठी उघडली, अशी कथा आहे. आपण ती भक्तीची कथा म्हणून ऐकतो. वाहतुकीच्या नजरेने पाहिलं तर तिच्यातला मुद्दा वेगळाच आहे: धान्य लांबून आणावं लागलं नाही, ते उपाशी माणसापाशीच होतं. फक्त कुलूप उघडायचं होतं. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

१९७२ च्या दुष्काळात आणखी तिसरीच गोष्ट झाली. खायला मिलो आली, सुकडी आली. पण खरी मदत म्हणजे रस्ताच होता. खडी फोडायची, मुरूम टाकायचा, हजेरी लावून मजुरी घ्यायची. मे १९७३ मध्ये राज्यभर दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा आला. आज ज्या रस्त्यांवरून मदतीच्या गाड्या जातात, त्यातले कितीतरी रस्ते उपाशी माणसांनीच बांधलेले आहेत.

पण रस्ता म्हणजे भलाई, हे गृहीत धरता येत नाही अशी जागा महाराष्ट्रातच आहे. गडचिरोली. पूर्वेला छत्तीसगड, दक्षिणेला तेलंगण. सीमांवर इंद्रावती, गोदावरी, प्राणहिता. १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झालेला हा जिल्हा चार दशकं माओवादी चळवळीच्या छायेत राहिला. आलापल्लीहून भामरागडला जायचं म्हणजे सुमारे ६५ किलोमीटर जंगल. शेवटी पर्लकोटेवरचा ठेंगणा पूल, जो जोराचा पाऊस झाला की पाण्याखाली जातो. पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती यांच्या संगमावर वसलेलं हे तालुक्याचं ठिकाण पावसाळ्यात वारंवार बेट होतं. जुलै २०२४ मध्ये याच तालुक्यात एका गरोदर बाईला जेसीबीच्या खोऱ्यात बसवून नाल्यापलीकडे आणावं लागलं. मराठी वाहिन्यांनी ते दृश्य दाखवलं.

पाणी ही एक अडचण. दुसरी अडचण कॅलेंडरात होती. माओवाद्यांचा ‘शहीद सप्ताह’ २८ जुलै ते ३ ऑगस्ट, म्हणजे ऐन पावसात. त्या आठवड्यात झाडं तोडून रस्त्यावर आडवी टाकायची, एसटी बंद, बाजार बंद. साथ आली, पूर आला, तरी त्या आठवड्यात गाडी काढायला चालक मिळणं मुश्कील.

आणि रस्ता बांधायलाच विरोध का, हे समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळत नाही. मातीच्या रस्त्यात सुरुंग पुरणं सोपं, डांबराखाली अवघड. म्हणून पोलिसांना डांबरी रस्ता हवा आणि म्हणूनच माओवाद्यांना तो नको. १ मे २०१९ ला कुरखेडा तालुक्यात दादापूरजवळ रस्त्याच्या कामावरची पंचवीसहून अधिक वाहनं जाळली गेली. तिकडे निघालेल्या जलद प्रतिसाद पथकाची गाडी जांभुळखेड्यापाशी सुरुंगाने उडवली. १५ जवान गेले आणि गाडी चालवणारा एक खासगी चालकही गेला. त्या चालकाची नोंद अशा प्रत्येक घटनेत शेवटच्या ओळीत येते. खरं तर रस्त्याच्या प्रत्येक प्रश्नात पहिला जीव त्याचाच टांगणीला असतो.

गावकऱ्यांची बाजू याहून गुंतागुंतीची. एटापल्लीतल्या सुरजागडच्या डोंगरात लोहखनिज आहे. डिसेंबर २०१६ मध्ये तिथे सत्तरहून अधिक वाहनं पेटवली गेली. पुढे खाणकाम जोमाने सुरू झालं आणि खनिजाचे अवजड ट्रक रस्त्यावर आले. मग माणूस विचारतोच: हा रस्ता आमच्या बाळंतिणीसाठी की तुमच्या खनिजासाठी? प्रश्न माओवाद्यांनीही वापरला म्हणून खोटा ठरत नाही.

तरीही या जिल्ह्यात मदत पोचली, आणि तीही बंदुकीच्या पहाऱ्याशिवाय. बाबा आमट्यांनी २३ डिसेंबर १९७३ ला हेमलकसाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा तिथे धड रस्ताच नव्हता. पावसाळ्यात महिनोन्‌महिने बाहेरच्या जगाशी संबंध तुटे. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथेच राहिले. अस्वलाने फाडलेला, हिवतापाने पडलेला, खाटेवर घालून चालत आणलेला, जो येईल त्याच्यावर उपचार, एवढाच दवाखान्याचा नियम. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी नवजात बालकांसाठी घरोघरी उपचाराची जी पद्धत गडचिरोलीत बसवली, तिचं मर्मही हेच आहे. रस्ता नाही ना, मग रुग्णाला आणण्यापेक्षा गावातल्याच बाईला शिकवून औषध तिच्या हाती ठेवायचं. वाहतुकीचा प्रश्न त्यांनी वाहतूकच कमी करून सोडवला. मला वाटतं, या विषयातलं महाराष्ट्राचं सर्वांत मोठं देणं हे आहे, आणि आपण ते फक्त आरोग्याच्या खात्यात मांडतो.

सरकारचीही एक शहाणी व्यवस्था आहे आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. नवसंजीवनी योजनेत दुर्गम आदिवासी गावांचं पावसाळ्याचं रेशन पाऊस लागण्याआधीच पोचवून ठेवतात. मृगाच्या आत गोदाम भरलं, तर ऑगस्टात पर्लकोटेला कितीही पूर आला तरी चूल पेटते. दामाजीपंतांचं कोठार ते हेच. लडाखमध्ये लष्कर हिवाळ्याआधी याच पद्धतीने साठा करतं.

गेल्या दोन वर्षांत गडचिरोलीचं चित्र झपाट्याने बदललं. १ जानेवारी २०२५ ला वांगेतुरी, गर्देवाडा भागात स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा एसटी धावली. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती या माओवादी नेत्याने साठेक साथीदारांसह शस्त्रं खाली ठेवली. बंदूक रस्त्यावरून बाजूला होते आहे. नाला तेवढा तिथेच आहे.

आता पुन्हा सीरियाकडे. चार नाके उघडले म्हटलं, पण ती मुभा मुदतीची होती. पुढे पुढे मुदत वाढवायला सुरक्षा परिषदेत रशियाचा हात आड येऊ लागला. २०२० च्या जानेवारीत चाराचे दोन झाले, जुलैत एक उरला: बाब अल-हवा, म्हणजे वाऱ्याचा दरवाजा. ६ फेब्रुवारी २०२३ ला भूकंप झाला तेव्हा वायव्य सीरियातली चाळीस लाखांवर माणसं या एका दरवाजावर अवलंबून होती, आणि त्या दरवाजाकडे येणारा तुर्कस्तानातला रस्ताच खचला होता. संयुक्त राष्ट्रांचे पहिले सहा ट्रक पलीकडे गेले ते ९ फेब्रुवारीला. ढिगाऱ्याखालच्या माणसाला तीन दिवस म्हणजे काय, हे आमच्या तालुक्याला सांगायला नको. आणि ते सहा ट्रकही भूकंपाआधीच ठरलेल्या फेरीचे होते. उपसायची यंत्रं त्यात नव्हतीच.

सुदानची कथा अजून चालूच आहे. चाडमधून दारफूरमध्ये शिरायचा अद्रे नाका सुदान सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद केला. कारण दिलं, शस्त्रं येतात. ऑगस्टच्या मध्याला तो उघडला, तेव्हा उत्तर दारफूरच्या झमझम छावणीत दुष्काळ अधिकृतपणे जाहीर होऊन दोन आठवडे झाले होते. शिवाय ऑगस्ट हा तिथला पावसाळा. कोरडे ओढे, ज्यांना तिकडे ‘वादी’ म्हणतात, दुथडी भरले आणि ट्रक काठावर उभे राहिले. राजकारणाने सहा महिने घेतले, उरलेलं पाण्याने घेतलं. वाचताना मला पर्लकोटाच दिसत होती. जून २०२५ मध्ये अल-फाशेरकडे निघालेल्या पंधरा ट्रकच्या ताफ्यावर अल-कोमाजवळ हल्ला झाला. पाच जण ठार, ट्रक जळाले. ताफा निघाला आहे आणि कोणत्या वाटेने येतो आहे, हे लढणाऱ्या दोन्ही पक्षांना आधी कळवलेलं होतं.

गाझाचं उदाहरण याहून जिव्हारी लागतं. १ एप्रिल २०२४ ला ‘वर्ल्ड सेंट्रल किचन’चे सात कार्यकर्ते गोदामात माल उतरवून परत निघाले होते. गाड्यांवर संस्थेचं चिन्ह होतं, फेरीची माहिती इस्रायली लष्कराला दिलेली होती. तरी एकामागून एक तीन गाड्यांवर हल्ला झाला. नंतर लष्कराने चूक मान्य केली. गाडीवर रंगवलेलं चिन्ह कागदावर संरक्षण देतं. आकाशातून बघणाऱ्याने ते वाचायचं ठरवलं तर.

कागदाची बाजू थोडक्यात. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराचं २३ वं कलम औषधांना, आणि मुलं, गरोदर बायका व बाळंतिणींच्या अन्नाला वाट देण्याबद्दल आहे. १९७७ च्या जादा करारांनी ती तरतूद रुंद केली. भारताने १९४९ चे करार स्वीकारले, १९७७ चे नाही. देशांतर्गत अशांततेला ‘युद्ध’ म्हणायला कुठलंच सरकार तयार नसतं, त्यामुळे गडचिरोलीत काय किंवा मणिपुरात काय, ट्रकचालकाच्या खिशात असा कुठलाच करार नसतो. त्याच्या खिशात असते बिल्टी आणि परवाना, आणि नाक्यावर तोंड ओळखणारा कुणी असला तर नशीब.

मणिपूरचा उल्लेख केलाच आहे, तर तिथली एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ३ मे २०२३ ला मैतेई आणि कुकी समाजांत हिंसा भडकली. इंफाळहून दिमापूरला जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक २ रोखला गेला. मैतेई चालक डोंगरात जाऊ शकेना, कुकी चालक खोऱ्यात. अशा वेळी औषधं, भाजीपाला आणि माणसं ने-आण करायला पुढे आले ते पांगल, म्हणजे मणिपुरी मुसलमान चालक. ते ना या बाजूचे, ना त्या. बंजाऱ्यांचा तांडा दोनशे वर्षांनी पिकअपवर बसून आला म्हणायचा.

आपल्या स्वतःच्या सीमेवरही हे थोडक्यात अनुभवायला मिळतं. ६ डिसेंबर २०२२ ला बेळगावजवळच्या हिरेबागेवाडी नाक्यावर ‘एमएच’ पाटीच्या ट्रकांवर दगडफेक झाली, दोन्हीकडच्या एसटी फेऱ्या थांबल्या. आत माल काय आहे हे कुणी पाहिलं नाही. पाटी पाहिली. हा नाका ज्यावर आहे तो महामार्ग तोच, जो ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूरजवळ शिरोलीपाशी पाण्याखाली गेला आणि हजारो ट्रक दोन्ही अंगांना अडकून पडले. तेव्हा कानडी चालकाला मराठी गावाने भाकरी दिली आणि मराठी चालकाला कानडी गावाने. पुरात पाटी कुणी वाचत नाही.

आता वादाचा मुद्दा: मदतीच्या ताफ्याबरोबर सशस्त्र पहारा असावा का? पहारा असला की लुटारू दूर राहतात, हे खरं. पण जिथे पहारेकरी हाच एक पक्ष आहे, तिथे पहाऱ्यासोबत आलेला तांदूळ त्या पक्षाचा होतो. घेणारा माणूस दुसऱ्या रात्री जाब द्यायला उरतो. ट्रक तर परत गेलेला असतो. गडचिरोलीत पोलिसांनी मेळावे घेऊन भांडी, कपडे, बियाणं वाटलं. हेतू चांगला असेल, पण पोलिसांकडून वस्तू घेतली म्हणून खबऱ्या ठरण्याची भीती त्या काळात खोटी नव्हती. पुराच्या किंवा दरडीच्या ठिकाणी पहारा, लष्कर, हेलिकॉप्टर सगळं हवं आणि लगेच हवं. जिथे दोन बंदुका समोरासमोर आहेत, तिथे मात्र माल नेणारा बिनहत्यारी, ओळखीचा आणि दोघांना नको असला तरी चालवून घ्यावा लागेल असा असावा. माझं मत इतकं स्पष्ट आहे. सुदानच्या अनुभवाने त्याला तडा जातो हेही कबूल करतो: तिथला ताफा बिनहत्यारीच होता.

रस्ताच नसेल तर? १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडी जात नव्हती, हवामानामुळे हेलिकॉप्टर उडेना. बचावाची माणसं चिखलातून डोंगर चढून गेली आणि कुदळ-फावड्यांनी, हातांनी उकरत राहिली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण कधीच सापडले नाहीत. त्याआधी दोन वर्षं, २२ जुलै २०२१ ला, महाडच्या तळियेत दरड आली, तेव्हा महाडचे रस्तेच पुराखाली होते. पथकं पोचायला दुसरा दिवस उजाडला. सह्याद्रीच्या पोटातल्या अशा वाड्या आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातही आहेत. महादेव कोळी, ठाकर, कातकरी वस्त्या, काहींना अजून बारमाही रस्ता नाही. ही काही शत्रूची सीमा नव्हे. पण मदत पोचण्याच्या हिशेबात माणूस सीमेवरच राहतो.

एक योगायोग मनातून जात नाही. डिंभे धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. बाबू गेनू आमच्याच आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत परदेशी कापडाचा ट्रक अडवायला ते रस्त्यावर आडवे झाले आणि ट्रक त्यांच्या अंगावरून गेला. आमच्या तालुक्याला ट्रकपुढे आडवं पडण्याची थोर परंपरा आहे. माळीणच्या रस्त्यावर आमचा टेम्पो आडवा आला त्याला मात्र थोर म्हणवत नाही.

गाडी भरायची एक रीत जुने हमाल सांगतात: जे आधी उतरवायचं ते शेवटी भरायचं. सोपं वाटतं, पण मदतीच्या गाड्यांत नेमकं उलटं होतं. दोरखंड, फावडी, औषधाची पेटी ही जड म्हणून तळाला जातात, त्यावर कपड्यांची गाठोडी, वर फलक. २००१ च्या भूकंपानंतर कच्छच्या रस्त्यांच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग पडून राहिले होते. लोकांचं घर गेलं होतं, लाज गेली नव्हती. दुसऱ्याच्या उतरलेल्या साड्या त्यांनी घेतल्या नाहीत.

तेव्हा पुढच्या पावसाळ्यात कुठे दरड आली, पूर आला, तर गाडी काढायच्या आधी त्या तालुक्याच्या तहसील कचेरीला किंवा तिथल्या ओळखीच्या शिक्षकाला, ग्रामसेवकाला फोन करा आणि दोन गोष्टी विचारा: काय हवंय, आणि गाडी कुठपर्यंत आणायची. ‘अजून काही नको, रस्ता मोकळा ठेवा’ असं उत्तर आलं, तर टेम्पो घरीच राहू द्या. आणि मदत करायचीच असेल तर मे महिन्यात करा. पश्चिम पट्ट्यातल्या एखाद्या वाडीच्या समाजमंदिरात चार ताडपत्र्या, दोन दोरखंड, एक स्ट्रेचर, बॅटऱ्या आणि पंधरा दिवसांचं धान्य ठेवायला एका टेम्पोची एकच फेरी लागते, आणि त्या दिवसांत रस्ता कोरडा असतो.